अडखळत बोलणारे मूल आणि त्याची आई

पहिलीच्या वर्गात नवीन नावे दाखल होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच एखाद्या सकाळी शाळेच्या पायरीशी एक आई उभी राहते. परिपाठ संपून मुले वर्गात गेली तरी ती जात नाही. पदर सावरीत, आसपास कोणी ऐकत नाही ना हे पाहत ती हळूच म्हणते, "गुरुजी, ह्याला वाचायला उभं करू नका. बोलताना अडकतो तो. पोरं हसतात." आणि मग निघता निघता, सहज आठवल्यासारखे करून विचारते, "माझंच काही चुकलं असेल का हो?"

पहिल्या बोलण्यात विनंती आहे आणि ती आपण बहुधा मान्य करतो. दुसऱ्या बोलण्यात प्रश्न आहे. "छे, छे, होईल हळूहळू ठीक," एवढे म्हणून आपण तो वाटेला लावतो. वस्तुतः वर्षा-दोन वर्षांपासून त्या मातेची झोप उडविणारा प्रश्न तोच होय. गावात दुसऱ्या कोणास तो विचारण्याची तिला सोय नसते. कारण ज्यांस विचारावे त्यांनीच पुष्कळदा तिला दोषी ठरविलेले असते. ह्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने माहितीनिशी व निःसंदिग्ध शब्दांत द्यावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

अडखळणे म्हणजे काय?

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. बोबडे बोलणे आणि अडखळत, म्हणजे लोकभाषेत तोतरे, बोलणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोबडे मूल "राजा" ऐवजी "लाजा" म्हणते; त्यास तो उच्चार अद्याप साधलेला नसतो. अडखळणाऱ्या मुलास शब्द ठाऊक असतो, उच्चारही येत असतो. परंतु बोलण्याचा ओघ मध्येच तुटतो. कधी "पा-पा-पा-पाटी" असे पहिले अक्षर पुनःपुन्हा येते, कधी एखादा ध्वनी लांबत जातो, तर कधी ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठलेल्या आणि आवाजच बाहेर फुटत नाही, अशी अवस्था होते.

हे बहुधा दोन ते पाच वर्षे ह्या वयात, म्हणजे मूल सुट्या शब्दांवरून वाक्यांकडे वळत असताना, सुरू होते. शेकडा सुमारे ५ मुले बालपणी केव्हा ना केव्हा काही काळ अडखळतात. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक मुलांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. प्रौढ माणसांत हे प्रमाण शेकडा सुमारे १ एवढे उरते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक आढळते आणि मुलीच अधिक प्रमाणात बऱ्या होत असल्यामुळे वय वाढेल तसतसे हे अंतरही वाढत जाते. बुद्धीच्या कमी-अधिकपणाशी ह्याचा काही संबंध नाही. शंभर मुलांच्या शाळेत असे एखादे मूल असणे हे अगदी स्वाभाविक आहे. त्या घरावर आलेले ते काही जगावेगळे संकट नव्हे. हे एवढे ऐकूनसुद्धा पुष्कळ मातांस हायसे वाटते, कारण आपले मूल सोडून असे कोणी नाही, अशीच त्यांची समजूत झालेली असते.

आई स्वतःस दोषी का मानते?

ह्याचे एक कारण ह्या अडखळण्याच्या स्वभावातच आहे. ते रोज सारखे नसते. आठवडा-आठवडा मूल बरे बोलते. घरात वाटते, गेले एकदाचे. आणि एखाद्या सकाळी "आई" हा शब्ददेखील त्याच्या ओठांतून निघत नाही. असे चढउतार हे ह्या अवस्थेचे लक्षणच होय. परंतु आईस ते कोण सांगणार? ती काल काय घडले ते आठवू लागते. काल मी त्याच्यावर ओरडले होते. काल त्याला जेवायला उशीर झाला. काल त्याच्या देखत आमचे भांडण झाले. प्रत्येक वाईट दिवसामागे तिला आपली एखादी चूक सापडते, कारण शोधले तर अशी चूक कोणत्याही आईच्या कोणत्याही दिवसात सापडेलच. अशा रीतीने ती स्वतःच फिर्यादी, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश होऊन बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे, हेच मूल आरतीत सर्वांबरोबर खड्या आवाजात म्हणते, गाणे म्हणताना अडत नाही, वर्गाबरोबर पाढे म्हणताना अडत नाही. मग एकटे बोलतानाच का अडावे? घरचे म्हणतात, "मुद्दाम करतो, लाडावलाय," आणि बोल पुन्हा आईच्या लाडांवर येतो. शिक्षकाने हे जाणून असावे की, अनेकांबरोबर एका सुरात बोलताना व गाताना अडखळणे बहुधा नाहीसे होते, हा जगभर आढळून आलेला अनुभव आहे. तो मुलाच्या लबाडीचा पुरावा नव्हे.

तिसरे कारण म्हणजे लोकांचे बोल. तान्हेपणी गुदगुल्या फार केल्या, दृष्ट लागली, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, वेखंड वेळेवर चाटविले नाही, अशी कितीतरी कारणे आईस ऐकविली जातात. ह्यांपैकी एकासही आधार नाही. आणि घराण्यात पूर्वी कोणी अडखळणारे असेल, तर "मामावर गेलाय" असे म्हणून तिच्या माहेरास दोष देण्यात येतो. बाप किंवा चुलता अडखळत असला, तर तो उल्लेख मात्र क्वचितच निघतो.

शास्त्रानेही एकदा हीच चूक केली

आईस दोषी धरण्याची ही रीत केवळ खेड्यातील किंवा अडाणी लोकांची, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन (१९०६–१९६५) नावाचे ह्या विषयाचे प्रसिद्ध अभ्यासक होते. ते स्वतः अडखळत बोलत. लहान मुलांचे साहजिक अडखळणे आईबापांनी दोष म्हणून हेरले, त्यास "तोतरेपणा" असे नाव दिले, त्याची धास्ती घेतली, म्हणजे त्यातूनच खरा दोष जन्मास येतो, असे मत त्यांनी मांडले. हेतू चांगला होता. मुलांस टोचून बोलू नये हाच त्यांचा आग्रह होता. परंतु ह्या मताचा परिणाम असा झाला की, १९४० नंतरच्या काही दशकांत, विशेषतः अमेरिकेत, असंख्य मातांनी मुलाच्या अडखळण्याचे कारण आपणच, असे मानून घेतले.

ह्याच विद्यापीठात १९३९ साली जॉन्सन यांच्या देखरेखीखाली त्यांच्या एका विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला होता. सरळ बोलणाऱ्या काही मुलांस "तुमचे बोलणे सदोष आहे, जपून बोला," असे वारंवार सांगण्यात आले. हा प्रयोग बरीच वर्षे अप्रकाशित राहिला. २००१ साली वृत्तपत्रातून तो उजेडात आला, तेव्हा विद्यापीठाने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. पुढे त्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासकांस असे आढळले की, दोष लावल्यामुळे ती मुले खरोखरची अडखळणारी झाली, असे म्हणावयास पुरावा नाही. मात्र त्यांतील काही मुले बुजली, कमी बोलू लागली, बोलण्याची त्यांस लाज वाटू लागली.

शिक्षकांनी ह्यातून दोन्ही बाजूंचा बोध घ्यावा. शब्दाने टोचल्यामुळे अडखळणे उत्पन्न होत नाही. परंतु लाज मात्र उत्पन्न होते. पहिल्या गोष्टीमुळे आई दोषमुक्त होते. दुसऱ्या गोष्टीमुळे आपण सर्व, म्हणजे घर, शाळा आणि गाव, जबाबदार ठरतो.

मग खरे कारण कोणते? आज असे मानण्यात येते की, बोलण्याच्या सूक्ष्म हालचालींचा क्रम व वेळ जुळविणारी मेंदूतील जी यंत्रणा आहे तिच्या घडणीत काही मुलांत फरक असतो, आणि ह्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांचा व इतर रुग्णांचा अभ्यास करून अडखळण्याशी संबंधित अशी तीन जनुके दाखविली. सर्वच मुलांचे कारण त्यांत सापडत नाही. तथापि ह्या अवस्थेचे मूळ शरीरात आहे, संगोपनात नाही, ही गोष्ट आता पक्की झाली आहे. आनुवंशिक म्हणजे कोणाचा तरी अपराध, असाही अर्थ कोणी घेऊ नये. ते बापाच्या घराण्यातून येते, तसेच आईच्या घराण्यातून येते, आणि कधी दोन्हीकडे कोणी अडखळणारे नसतानाही आढळते. मुलाचे डोळे कोणाच्या वळणावर जावेत हे जसे आईच्या हाती नसते, तसेच हे.

आईच्या मनावरील भार

अडखळणाऱ्या मुलांच्या पालकांविषयी जे अभ्यास झाले आहेत त्यांत चिंता, अपराधीपणा, वैताग आणि काय करावे हे न कळणे, ह्या चार गोष्टी पुनःपुन्हा आढळतात. आपल्याकडे मुलाचे बहुतेक बोलणे आईशीच होत असल्यामुळे हा भार मुख्यतः तिच्यावर पडतो. पाहुणे आले की, "बाळ, नाव काय तुझं?" हा पहिला प्रश्न येतो. इतर शब्द टाळता येतात, गुळाऐवजी साखर मागता येते. पण स्वतःचे नाव बदलता येत नाही, म्हणून अडखळणारी मुले बहुधा नावावरच अडतात. त्या क्षणी नाव आपण सांगून टाकावे तर मूल दुबळे होईल, आणि न सांगावे तर त्याची तडफड पाहावी लागेल, अशा कात्रीत आई सापडते. लग्नकार्यास जाणे ती हळूहळू टाळू लागते. मोठेपणी ह्यास नोकरी कोण देईल, मुलगी असेल तर हिचे लग्न कसे जमेल, हे विचार तिला ग्रासतात. आणि कधी तीच वैतागून मुलावर ओरडते, नंतर एकांतात डोळे पुसते आणि आपल्या अपराधांच्या यादीत आणखी एकाची भर घालते.

ही अवस्था मुलापासून लपत नाही. आईच्या कपाळावरची आठी त्यास अक्षरओळख होण्यापूर्वीच वाचता येते. आपण बोललो की आईस दुःख होते, एवढे त्यास कळले की ते बोलणेच आवरते घेते. म्हणून आईचे मन हलके करणे ही केवळ तिच्यावरील दया नव्हे. मुलाच्या शिक्षणाचाच तो एक भाग आहे.

शिक्षकाने आईशी कसे बोलावे?

तिला सर्वांदेखत, पालकसभेत किंवा मुलासमोर ह्या विषयावर बोलावयास लावू नये. शाळा सुटल्यावर, किंवा घरभेटीच्या वेळी, निवांतपणे बसावे. प्रथम तिचे ऐकून घ्यावे. तिचे डोळे भरून आले, तर घाईने धीर देण्याचे कारण नाही, थोडे थांबावे.

नंतर सरळ शब्दांत सांगावे, "ताई, ह्यात तुमची काही चूक नाही. तुमच्या रागावण्यानं हे आलं नाही आणि लाडानंही आलं नाही. हे त्याच्या शरीराच्या घडणीत आहे." "काळजी करू नका" एवढेच म्हणणे पुरेसे नाही, काळजी न करण्याचे कारण तिच्या हाती दिले पाहिजे. बरे-वाईट दिवस येतच राहतात, हेही तिला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे वाईट दिवशी ती आपली चूक शोधीत बसणार नाही.

ह्यानंतर तिच्या मुलाची एक चांगली गोष्ट सांगावी, आणि ती खरी असावी. त्याचे अक्षर, त्याचे गणित, झाडांची त्याला असलेली माहिती, धाकट्या मुलांस सांभाळण्याची त्याची रीत, असे काहीतरी असतेच. वर्षानुवर्षे मुलाच्या जिभेविषयीच ऐकत आलेल्या आईस तो पूर्ण मुलगा म्हणून पुन्हा दिसावा, हा ह्यातील उद्देश.

चौथी गोष्ट म्हणजे बापास व आजीआजोबांस बोलाविणे. गुरुजींच्या किंवा बाईंच्या तोंडून "हा आईचा दोष नाही" हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकले, तर त्याचा जो उपयोग होतो तो एकट्या आईस शंभर वेळा सांगूनही होणार नाही.

घरी काय करावे?

आईवर नवे ओझे टाकू नये. दोन-तीन सोप्या गोष्टी सांगाव्या. मूल काय सांगते आहे ते ऐकावे, कसे सांगते आहे ते नव्हे. वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. "नीट बोल", "श्वास घे", "पुन्हा म्हण" असे म्हणू नये. आपण स्वतः थोडे सावकाश बोलावे. दिवसातून पाच मिनिटे, चुलीपुढे किंवा अंगणात, दुसरे काम बाजूस ठेवून त्याच्या आवडीच्या खेळात त्याच्यासंगे बसावे. लंडन येथील मायकेल पॅलिन केंद्रात पालकांबरोबर जे काम चालते त्यातही रोजच्या अशा थोड्या वेळास महत्त्व आहे, आणि आईबाप आधीपासून जे चांगले करीत आहेत तेच त्यांस दाखवून देण्यावर तेथे भर असतो. हे सांगताना पुस्ती जोडावी की, एखाद्या दिवशी हे जमले नाही तरी काही बिघडत नाही. मोठे शेत, गुरे, पाणी आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या स्त्रीस हे सांगणे अगत्याचे आहे.

मूल आपल्या अडखळण्याविषयी स्वतः विचारू लागले, तर विषय टाळू नये. "काही वेळा शब्द अडतो तुझा, होतं असं काहींचं, मला ऐकायला वेळ आहे," एवढे सांगितले तरी पुरे.

तोंडात गोट्या किंवा खडे ठेवून बोलावयास लावणे, जिभेखालची शीर कापविणे, पोपटाने उष्टावलेले फळ खावयास घालणे, असे उपाय सुचविले जातात. त्यांनी अडखळणे जात नाही. गोटी श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतू शकते. अंगारे-धुपाऱ्यांपायी पैसा जातो आणि गुण आला नाही की पुन्हा आईच्याच श्रद्धेस नाव ठेवले जाते.

वर्गात काय करावे?

मूल शाळेतून हसत घरी आले, तर आईचा निम्मा भार तेथेच उतरतो. "तोत्र्या" हे टोपणनाव वर्गात उच्चारले जाता कामा नये. मुलांना मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केलेली आहे. आणि शिक्षकाने केलेली नक्कल हा मुलांच्या नकलेपेक्षा कितीतरी खोल घाव असतो. हजेरीस "हजर" म्हणावयाचे की हात वर करावयाचे, हे मुलालाच एकांतात विचारून ठरवावे. वाचनास प्रथम जोडीने वाचू द्यावे; दोघांचा सूर एक झाला की ओघ सुटतो. परंतु आईच्या विनंतीवरून त्यास वाचनातून कायमचे वगळू नये. हळूहळू, त्याच्या संमतीने, त्यास बोलते ठेवावे. आणि ते उत्तर देत असताना सबंध वर्ग थांबतो, हे इतर मुलांनी आपल्या वागण्यावरून शिकावे.

उपचाराकडे केव्हा पाठवावे?

पुष्कळ मुले आपोआप बरी होतात हे खरे. पण कोणते मूल बरे होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. म्हणून अडखळणे सहा महिने ते वर्षभर टिकले असेल, घराण्यात मोठेपणीही अडखळणारे कोणी असेल, बोलताना मूल चेहरा ताणीत असेल किंवा बोलणेच टाळू लागले असेल, तर वाट पाहू नये. पहिली-दुसरीत येईपर्यंत टिकलेले अडखळणे आपोआप जाण्याचा संभव कमी होत जातो, हेही लक्षात असावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाड्यांतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. त्या वेळी अशा मुलाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधावे व जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञाची सोय कोठे आहे याची चौकशी करावी. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व मैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ह्या विषयातील प्रमुख संस्था होत. सहा वर्षांखालील मुलांसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोंब पद्धत तर आईबापांच्याच हातून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, घरी चालविली जाते. न्यूझीलंडमध्ये तिची रीतसर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात उपचार मिळालेल्या मुलांत अधिक सुधारणा दिसली. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्या आईस एके काळी रोगाचे कारण ठरविले होते, तीच आज उपचारातील मुख्य सहकारी ठरली आहे.

आणि उपचार आईसही लागू शकतो. तिची झोप व भूक उडाली असेल, ती सतत रडत असेल, जगणे नकोसे झाल्यासारखे बोलत असेल, तर आशाताईंच्या मदतीने तिला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. त्यावर विनामूल्य बोलता येते. तो तिला कागदावर लिहून द्यावा.

प्रत्येक मुलाचे अडखळणे जाईलच, असे वचन आपण देऊ नये. काहींचे ते जन्मभर राहते, आणि तरीही ती माणसे शिकतात, संसार करतात, शिक्षक आणि वकीलही होतात. आईस वचन द्यावयाचे ते एवढेच की, ह्या शाळेत तुमच्या मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले जाईल. पुढील पालकसभेपूर्वी आपल्या वर्गातील अशा एखाद्या मुलाच्या घरी जावे, आणि तिने पायरीशी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर, तिने पुन्हा विचारण्याची वाट न पाहता, तिला द्यावे.